राणी रंगाचं पाणी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं आता अंगवळणी पडलंय. दुकानातून घरी आलो की मी पाण्याच्या काठाशी वाकलेलाच असतो, त्यामुळे हा नमस्कार नुसता रिवाजाचा समजू नकोस.) तुझी मान आता कशी आहे? पट्टा लावतेस का, की तो कपाटात ठेवून दुसऱ्यांना उपदेश करतेस? भाऊजींच्या खोकल्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. नसेल पडला तर त्यांना सांग, काळजी करू नका, काळजी करायला इकडे मी बसलेलो आहे. इकडे सगळं ठीक. आई ठीक, तुझी भावजय ठीक, मी ठीक. एवढ्या ठीक लोकांनी पत्र कशाला लिहावं, असं तू म्हणशील, तर तेच सांगायला बसलोय.

तुझा निरोप मिळाला. रविवारी येतेस, आईला कायमची घेऊन जातेस, तिची बॅग भरून ठेव, तिच्या खोलीला नवे पडदेसुद्धा लावलेत, हे सगळं तू फोनवर एका दमात सांगितलंस आणि मी "हो हो, बघू" म्हणालो. त्यावरून मला पटलं असा अर्थ तू काढला असशील. तसं नव्हतं. या घरात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी, आणि त्याच खिडकीशी आईची खुर्ची. आईचं हाड मोडलं ते खुब्याचं. कान शाबूत आहेत, शाबूत कसले, पूर्वीपेक्षा तिखट झालेत. मेसेज करावा तर तुझं उत्तर आलं की माझा फोन ते घरभर वाचून दाखवतो (हे बंद कसं करायचं ते मला सापडलेलं नाही, आणि ज्याला विचारावं तो हसतो). दुकानातून फोन करावा तर तू मला बोलू देत नाहीस. म्हणून दुकानात, चष्म्याच्या फ्रेमा बाजूला सारून, हे पत्र लिहितोय. समोर एक गिऱ्हाईक डोळ्यांत औषध घालून डोळे मिटून बसलंय, त्यामुळे थोडा निवांतपणा आहे.

हे घर घेतलं तेव्हा तू मला काय काय बोललीस ते मी विसरलेलो नाही. म्हाताऱ्या बाईला घसरून पडायला हौद असलेलं घर घेतलंस, असं तू चार माणसांत म्हणाली होतीस. (घरमालक त्याला स्विमिंग पूल म्हणतो, आई हौद म्हणते, आणि आकार पाहता आईचंच बरोबर आहे.) पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाण्यात चालू द्या, पाणी वजन उचलतं. आणि ताई, ते खरं निघालं. जमिनीवर ती वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत येते आणि एखादा डोंगर चढून आल्यासारखी "बास" म्हणते. पण तिला छातीभर पाण्यात उतरवली की कठड्याला एक हात लावून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते, परत येते, आणि जाता-येता तुझ्या भावजयीने दोरीवर कपडे कसे वेडेवाकडे घातलेत त्यावर बोलते. बोलताना दम लागत नाही. ज्या दिवशी तिने पाण्यातून मला पहिल्यांदा झापलं त्या दिवशी मी दुकानात पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली (कारण विचारलं तर सांगायला लाज वाटली असती). तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेल की हौद चालू तर आई चालू. हौद बंद पडला तर तुझे पडदे आहेत, मऊ खुर्ची आहे, लिफ्ट आहे, आणि मग आई जी बसेल ती बसेलच. मला हीच भीती आहे, दुसरी कुठलीही नाही. म्हणजे आहेत, पण त्या रोजच्या.

तर हौदात शेवाळ झालं. सुरुवात पायऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यात झाली. एवढासा हिरवा डाग, पुसला तर जाईल असा. पुसला, गेला. दुसऱ्या दिवशी दोन. मी चष्म्याच्या धंद्यातला माणूस, दिवसभर लोकांना विचारतो की हे स्पष्ट दिसतं की ते, आणि घरी येऊन स्वतःलाच विचारत होतो की हे हिरवं आहे की मला हिरवं दिसतंय. आठवड्याभरात प्रश्न उरला नाही. भिंती बुळबुळीत, पायऱ्या बुळबुळीत, तळ दिसेना. बुळबुळीत पायरीवर आईचा पाय, या विचारानेच मी आईला पाण्यात उतरायची बंदी केली. ती खिडकीशी बसून राहिली. दोन दिवसांनी म्हणाली, जेवण इथेच आणून द्या, टेबलापर्यंत कोण येतंय. न बोलणारी आई तुला माहीत आहे, तिच्यापेक्षा बोलणारी परवडली.

मी वैद्यबुवांना बोलावलं. खरे वैद्य नव्हेत, हौदाची औषधं विकतात. पण पाण्यात बोट घालून डोळे मिटतात आणि "बरेच दिवसांचं आहे" म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना वैद्यबुवा म्हणतो. (त्यांना हे माहीत आहे आणि ते खूश आहेत.) त्यांनी मला काठावर बसवून तासभर शिकवलं. थोडक्यात सांगायचं तर शेवाळ मारतं ते क्लोरीन, पण क्लोरीनच्या अंगात जोर राहतो तो पाण्याचा पीएच जागेवर असेल तोवर. पाणी जरा क्षाराकडे झुकलं की क्लोरीन हजेरीपटावर सही करून चहाला गेलेल्या कारकुनासारखं, आहे पण नाही. तेव्हा आधी पीएच एका जागी बसवा, तो बसला की मग क्लोरीनचा मोठा डोस द्या, त्याला ते शॉक म्हणतात. पीएच हलता असताना शॉक दिलात तर औषध फुकट जाईल, असं बजावून त्यांनी मला एक किट दिलं. छोट्या नळीत हौदाचं पाणी घ्यायचं, लाल औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी आंबट, केशरी-तांबडा आला तर बरोबर, आणि राणी रंग आला तर क्षार वाढलाय, अ‍ॅसिड घाला. अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधी नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की मला ते झोपेतही ऐकू यायला लागलं.

आता माझ्या हालांना सुरुवात होते, भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवायचं असेल तर इथून दाखव. पहिल्या संध्याकाळी राणी रंग आला. हातमोजे, चष्मा (दुकानातला, मोठ्या काचांचा, गिऱ्हाइकाने परत केलेला), आणि मी वाऱ्याची दिशा बघत मापाने अ‍ॅसिड घातलं. सकाळी तपासलं तर केशरी-तांबडा. मी खुशीत दुकानात गेलो. संध्याकाळी परत राणी. पुन्हा अ‍ॅसिड, सकाळी बरोबर, संध्याकाळी राणी. असं रोज. मी रात्री कमावतो आणि दिवसा कोणीतरी उधळतं, अशी गत. त्यात पाणी हिरवं तर होतंच, वर दुधाळ व्हायला लागलं. वैद्यबुवांनी सांगितलं की शेवाळ उन्हात वाढतं तेव्हा पाण्यातला वायू खातं, त्याने पीएच चढतो. मी ऊन लागू नये म्हणून हौदावर घरातल्या जुन्या चादरी ताणून बांधल्या. त्या संध्याकाळी राणी रंग आला, आणि दोन चादरी पाण्यात. मग ते म्हणाले, सिमेंट नवं असेल तर पीएच चढतो. घरमालकाला विचारलं, तर तो सिमेंटबद्दल बोलायचं सोडून मी त्याच्या हौदाला काय केलंय ते विचारायला लागला. हात दाखवून अवलक्षण. मग मला वाटलं किटच खराब. मग वाटलं माझे डोळे खराब. दुकानातल्या मदतनिसाकडून मी स्वतःची रंगांधळेपणाची तपासणी करून घेतली. डोळे उत्तम निघाले, आणि ते ऐकून मला आणखी काळजी वाटली, कारण आता उरलं फक्त डोकं.

मग मी तुझ्या भावजयीवर संशय घेतला. ती सकाळच्या शाळेत शिकवते, दुपारी घरी येऊन आडवी होते, म्हणजे दिवसा घरात तीच. कपड्यांचं पाणी हौदात ओततेस का, असं मी तिला अगदी सौम्य शब्दांत विचारलं. तिने माझ्याकडे जे बघितलं ते पाहून मी प्रश्न परत घेतला. तिचं म्हणणं, मीच घाबरटपणे काहीतरी चुकीचं ओततोय आणि आठवत नाहीये. एका घरात दोन माणसं एकमेकांना चोर समजून जेवायला बसतात तेव्हा भाजी कशी झाली हे कुणी सांगत नाही. आई मात्र ताकास तूर लागू देत नव्हती. खिडकीशी बसून विचारायची, आज काय रंग आला रे? मी राणी सांगितलं की "अगंबाई" म्हणायची आणि शाल सारखी करायची.

ज्या दिवशी उलगडा झाला त्या दिवशी काळजीने माझं पोट बिघडलं होतं, म्हणून दुपारीच घरी आलो. घरात कुणाला उठवायला नको म्हणून बाजूच्या फाटकातून आत शिरलो. दोरीवर चादरी वाळत होत्या, त्यांच्या फटीतून मला हौद दिसला. आणि काठावर आई उभी. वॉकर नाही. एक हात कंपाउंडच्या भिंतीला, दुसऱ्या हातात धुण्याच्या सोड्याचा डबा. ताई, हाक मारावी तर ती दचकून पाण्यात जाईल, धावत जावं तर दचकून पाण्यात जाईल, आणि न धावावं तर आपली आपण जाईल. मी चादर मुठीत धरून उभा राहिलो. ती भिंतीच्या आधाराने तिथल्या कट्ट्यावर टेकली, पाण्यात बोटं बुडवली, अंगठ्याने चोळून बघितली, तोंड वाकडं केलं, आणि डब्यातून आपल्या आमटीच्या वाटीने एक वाटी सोडा पाण्यात सोडला. विचार करून आणखी अर्धी. मग उठली, डब्याचं झाकण नीट लावलं, आणि भिंत धरून, एक पाय जरा ओढत, पण आपली आपण, मागच्या दाराने आत गेली.

आता तुला कळलं असेल. तिने आयुष्यभर दवाखान्यात चादरी धुण्याचं खातं सांभाळलं, पाण्याला बोट लावून हे आंबट, हे खारट, हे सांगायची तिला सवय. मी अ‍ॅसिड घालायचो, तिच्या बोटाला ते चावायचं, आणि पोराला काही कळत नाही, पाणी नासवतोय, म्हणून ती दुपारी घर झोपलं की जाऊन उतारा घालायची. तिचंही चुकत होतं, माझंही जमत नव्हतं, आणि आमच्या दोघांच्या भांडणात शेवाळाचं मस्त चाललं होतं. मी फाटकाबाहेर गेलो, उगाच थोडं फिरलो, आणि पुढच्या दाराची बेल वाजवून आलो. आई खुर्चीत. पायांवर शाल. मला म्हणाली, जरा पाणी दे रे, माझ्याने उठवत नाही. मी पाणी दिलं. मी तिच्या पायांकडेच इतका बघत राहिलो की तिनेच विचारलं, तुला बरं नाही का.

तुझ्या भावजयीला सांगितलं तर ती आधी माझ्यावर हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आली. आईला सरळ विचारावं असं तिचं मत. माझं धाडस होईना. आईची चोरी पकडून तिला ओशाळं करायचं कसं? म्हणून आम्ही सोड्याचा डबाच लपवला आणि सोडा संपलाय, दुकानातही मिळत नाहीये, असं जेवताना एकमेकांना मोठ्याने सांगितलं. (नाटकात काम करायची माझी हौस तेव्हाच फिटली.) पीएच एका जागी बसला. शॉक दिला, भिंती ब्रशने घासल्या, फिल्टर अखंड चालवला. हिरवं होतं ते राखाडी झालं, तळाशी बसलं, ते पाइपने ओढून बाहेर टाकलं. वैद्यबुवांनी सगळं श्रेय घेतलं, घेऊ देत. आज हौदातलं पाणी असं आहे की तळाची एक अन् एक टाइल मोजावी. आई परत पाण्यात उतरते, कठडा धरून चालते, झापते. तेव्हा रविवारी अवश्य ये, चार दिवस राहा, पण तिची बॅग भरायला म्हणून येऊ नकोस. माझं एवढंच मागणं आहे. भाऊजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद, आणि मानेचा पट्टा लावत जा.

तुझा,
धाकटा

ता.क. गिऱ्हाइकाचे डोळे तपासून झाले, त्याला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. पत्र बंद करणार होतो, पण वर लिहिलेलं वाचून पाहिलं तर ते फार सुखाचं वाटलं, आणि तू त्यावर विश्वास ठेवून येशील आणि मग मला धरशील. म्हणून उरलेलं सांगतो. पाणी निळं झालं ती गोष्ट खरी, पण आता नाही. निळं झालं त्या दिवसापासून आई दुपारी उठेनाशी झाली. सकाळी मी उतरवतो तेव्हा पाण्यात चालते, तिथे पाणी तिला उचलतं. पण जमिनीवर पुन्हा पलंग ते खुर्ची, आणि "बास". काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, झालं ना तुमचं पाणी स्वच्छ, आता माझं काय काम? आणि तिसऱ्या दिवशी, अगदी सहज, डाळ निवडता निवडता, मला विचारलं, ताईकडे लिफ्ट आहे ना रे? ताई, मी घाबरलो. शेवाळाला कधी एवढा घाबरलो नव्हतो.

ता.क. २. म्हणून मी सोड्याचा डबा जिथे होता तिथे परत ठेवला. सोडा मिळाला बुवा एकदाचा, असं जेवताना मोठ्याने म्हणालो. आणि त्या संध्याकाळी पाणी अगदी बरोबर, केशरी-तांबडं असताना, हातमोजे घालून त्यात थोडं अ‍ॅसिड घातलं. थोडंच, वैद्यबुवांनी सांगितलेल्या मर्यादेत, घाबरू नकोस, मी दोघांपुरता घाबरलेलो आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळीत राणी रंग आला. मी तिथेच काठावर बसलो आणि रडलो. तेव्हापासून हा आमचा परिपाठ आहे. तिच्या वाटेवर मी रबरी मॅट टाकलीय आणि भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लोखंडी दांडा बसवून घेतलाय. टॉवेल वाळत घालायला, असं तिला सांगितलं. एवढ्या खाली टॉवेल कोण वाळत घालतं, मांजर का, असं ती म्हणाली, पण भिंतीऐवजी आता तोच धरते. तुझी भावजय दुपारी पलंगावर डोळे मिटून जागी असते, आणि मी दुकानात अर्धं लक्ष फोनकडे ठेवून लोकांना चुकीचे नंबर सांगतो. पायऱ्यांच्या मागच्या कोपऱ्यात तुला थोडं हिरवं दिसेल. ते मी मुद्दाम ठेवलंय, तू तुझ्या स्वच्छतेच्या भरात घासून काढू नकोस.

ता.क. ३. आता खरं काम. माझ्या बोलण्यावरून तिला अलीकडे संशय येतोय, कारण सोंग मला कधीच जमलं नाही आणि तिला माझा चेहरा पाठ आहे. पण तू बाहेरून येणार, तुझ्या नाकावर तिचा पहिल्यापासून विश्वास. तेव्हा रविवारी आलीस की पडद्यांचं आणि बॅगेचं काही न काढता सरळ मागे हौदाशी जा, वाकून बोट बुडव, नाक मुरड, आणि तिला ऐकू जाईल असं मला म्हण, "काय रे हे पाणी, काहीच्या काही बिघडलंय." मी नेहमीसारखा ओशाळलेला चेहरा करीन, तो मला आपोआप जमतो. मग जेवून आपण दोघं तिच्या शेजारच्या खोलीत आडवी होऊ. दार मी बोटभर उघडं ठेवीन. घोरायचं काम तुझं, आणि काहीही झालं, पाय ओढल्याचा आवाज आला, दाराची कडी वाजली, तरी ती आपल्या पायांनी परत येऊन खुर्चीत बसेपर्यंत डोळे उघडू नकोस.